रिमोटने गाडी सुरू : गॅरेजवाल्याची जबाबदारी

नाशिक आणि मोटारगाड्या यांचे नाते जुने आहे. महिंद्रच्या नाशिक येथील कारखान्यातून २००२ मध्ये स्कॉर्पिओ रस्त्यावर आली. गाड्यांबरोबर शहरात गॅरेज, वायरिंग आणि अ‍ॅक्सेसरीजचा धंदाही वाढला. आपल्यातील अनेक तरुणांची रोजीरोटी याच हुन्नरावर चालते.

या धंद्यात आता एक नवी मागणी आली आहे. गाडीत बसण्यापूर्वीच एसीने ती थंड व्हावी म्हणून घरातूनच इंजिन सुरू करण्याची सोय काही नव्या गाड्यांत कंपनीच देते. ते पाहून जुन्या गाडीचा मालकही "आमच्या गाडीला बसवून द्या" म्हणत दुकानात येतो. आलेले गिऱ्हाईक परत पाठवू नये हे खरे. परंतु या कामात काही वेळा 'नाही' म्हणणे हीच खरी इमानदारी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कारण साधे आहे. कंपनीने दिलेली यंत्रणा आधी खात्री करून घेते. गिअर योग्य जागी नसेल, दरवाजे किंवा बॉनेट उघडे असेल, तर इंजिन सुरू होत नाही. आणि ठरावीक मिनिटांनी ते आपोआप बंदही होते. बाहेरून स्वस्तात बसवलेल्या यंत्रात ही खात्री असेलच असे नाही. हाताने गिअर टाकण्याच्या गाडीत तर क्लचचा स्विच बायपास करूनच काम उरकले जाते. आपल्याकडे गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून उभी करण्याची सवय सर्रास आहे. अशा गाडीचे बटण घरातून दाबले की ती जागची उडी घेते. पुढे भिंत असेल किंवा खेळणारे मूलही असेल!

धोका कारागिरालाही आहे. बॉनेट उघडून त्याचा हात पट्ट्याजवळ असताना मालकाने सहज बटण दाबले तर काय होईल, हे गॅरेजवाल्यांना सांगायला नको. म्हणून दुरुस्तीपूर्वी रिमोट आपल्या ताब्यात घ्यावा, मोबाईलवरून गाडी सुरू होते का हे विचारावे आणि बॅटरीची तार काढावी.

मालकांनीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातील पार्किंगमध्ये इंजिन सुरू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. तो माणसाला नकळत मारतो. दुसरे, सार्वजनिक जागी चालकाच्या जागेवर परवानाधारक नसताना इंजिन चालू ठेवून गाडी उभी करण्यास मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १२६ मनाई करते.

"आम्ही नाही बसवले तर शेजारचा बसवील," असे काही जण म्हणतील. बसवू द्या. न्यूट्रल ओळखणारा सेन्सर आणि बॉनेटचा स्विच यांशिवाय आपण हे काम हाती घेऊ नये. जिथे घेऊ तिथे वापराचे नियम कागदावर लिहून द्यावेत. एका गिऱ्हाईकाची मजुरी बुडेल, पण वर्षानुवर्षे कमावलेला भरवसा टिकेल. आणि गॅरेजचे खरे भांडवल तोच आहे.