तत्त्वतः मंजुरी म्हणजे कर्ज नव्हे!

बाबासाहेबांच्या संविधानाने दिलेल्या शिक्षण आणि नोकरीच्या बळावर आपला समाज चाळीतून, झोपडपट्टीतून बाहेर पडून स्वतःच्या घरात जाऊ लागला आहे. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु नेमक्या याच टप्प्यावर अनेक बांधवांची आयुष्यभराची पुंजी अडकते आणि त्यास बहुधा एक कागद कारणीभूत असतो. तो म्हणजे बँकेचे तत्त्वतः मंजुरीपत्र.

पगार, आयकर विवरणपत्र, चालू हप्ते आणि सिबिलचा गुणांक पाहून बँक हे पत्र देते. या वेळी फक्त अर्जदाराची ऐपत तपासलेली असते. घराचे मूल्यांकन आणि मालकीहक्काची छाननी त्यानंतर होते आणि त्यात दोष निघाल्यास बँक कर्ज नाकारू शकते. शिवाय पत्राला मुदत असते आणि त्यातील व्याजदर बदलू शकतो. तरीही हे पत्र हाती येताच बिल्डरचा माणूस बुकिंगची घाई करतो आणि आपला माणूस पीएफ काढून पैसे भरतो!

जमिनीचा प्रश्न तर आपल्या जिव्हाळ्याचा आहे. महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. परत मिळालेल्या जमिनी नव्या शर्तीच्या झाल्या, त्या जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना विकता येत नाहीत. ही परवानगी नसलेल्या जमिनीवर इमारत उभी असेल, तर बँकेचा वकील तिथेच थांबतो. म्हणून सातबारावरील 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचा.

पैशाचा हिशेबही नीट मांडा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के आणि त्यापुढे 75 लाखांपर्यंत 80 टक्के रक्कम मिळू शकते. म्हणजे 40 लाखांच्या घराला 8 लाख तरी स्वतःचे हवेत. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी वेगळीच.

कायदा आपल्या बाजूने आहे, पण तो वापरला पाहिजे. 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 13 प्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ही रक्कम भरतानाही 'कर्ज नामंजूर झाल्यास पैसे परत' ही अट लेखी घ्या. बँकेने अर्ज फेटाळला तर त्याचे मुख्य कारण लेखी मागा. ते देणे बँकेवर बंधनकारक आहे. आडनाव आणि वस्तीचा पत्ता पाहून कपाळाला आठ्या घालणाऱ्या अधिकाऱ्यालाही मग कागदावर कारण लिहावे लागते!

बाबासाहेब रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणारे अर्थशास्त्रज्ञ होते. त्यांच्या अनुयायांनी सही करण्यापूर्वी कागद वाचू नये, हे शोभत नाही. प्रत्येक बुद्धविहारात महिन्यातून एक रविवार आपल्याच वकिलांनी आणि बँक कर्मचाऱ्यांनी घरखरेदीची कागदपत्रे तपासून द्यावीत. समाजाचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग नाही. जयभीम!