रात्री कुत्र्याला साप चावला तर फोन कुणाला करायचा?




कुत्र्याच्या दुखण्यावर वर्तमानपत्राला पत्र लिहिणं म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले, असं म्हणणारे भेटतील, याची कल्पना आहे. त्यांनी आमच्या दादरा-नगर हवेलीतले खेरडी-खानवेलच्या बाजूचे पाडे फिरून पाहावेत. इथला कुत्रा सोफ्यावर बसत नाही. तो कोंबड्या-शेळ्या राखतो, पडवीत झोपतो, आवणीच्या दिवसांत माणसांच्या पुढे बांधावरून चालतो. सापाशी गाठही म्हणूनच आधी त्याची पडते. वास घ्यायला नाक पुढे करतो आणि दंश बहुधा थोबाडावर नाहीतर पुढच्या पायावर होतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या कुत्र्याला लाकडांच्या ढिगापाशी असाच साप डसला. बघता बघता थोबाडाची एक बाजू सुजून डोळा मिटला, हिरडीतून रक्त झिरपू लागलं, ते थांबेना. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कुलूप होतं. रात्री कुलूप असणारच, त्याबद्दल तक्रार नाही. दारावर दवाखान्याची वेळ होती, पण अडीनडीला कुणाला फोन करायचा, ते कुठेच नव्हतं. याला विचार, त्याला विचार करत शेवटी हद्दीपलीकडे वापीच्या बाजूला एका खासगी डॉक्टरांनी फोन उचलला. त्यांनी काय केलं ते मुद्दाम सांगतो, कारण त्यात मोठी यंत्रं कुठेच नव्हती. स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं, ती न हलवता २० मिनिटं उभी ठेवली आणि मग आडवी केली. एव्हाना गोठायला हवं होतं ते रक्त पाण्यासारखं वाहिलं. ‘घोणस नाहीतर फुरसं,’ एवढंच म्हणून त्यांनी सर्पविषावरची लस चालू केली. कुत्रा वाचला.

ही लस जनावरांची म्हणून वेगळी नसते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर चालणारी, माणसांना देतात तीच. कुत्रा लहान म्हणून मात्राही कमी लागेल असं नाही. सापानं जेवढं विष सोडलं त्यावर ती ठरते. पावडरच्या रूपातली लस थंड, कोरड्या जागी काही वर्षं टिकते. म्हणजे औषध आहे, ते देणारे डॉक्टर आहेत. नाही ती फक्त रात्री दोघांची गाठ घालून देणारी सोय.

ती का नाही, याचं एक कारण मोजणीतच आहे. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशातलं पशुधन ५३ कोटी ५७ लाखांवर गेलं. त्यात गायीम्हशी, शेळ्यामेंढ्या, डुकरं, घोडे, गाढवं, उंट आले. कुत्र्यांची नोंद वेगळी, पशुधनाबाहेर. केंद्राच्या योजनेत १९६२ क्रमांकावर येणाऱ्या फिरत्या पशुचिकित्सा गाडीचा हिशेबही एक लाख पशुधनामागे एक गाडी असा. दूध देत नाही, नांगर ओढत नाही, तो हिशेबात धरलाच जात नाही. आणि तरी याच केंद्र सरकारनं २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवायचा राष्ट्रीय कृती आराखडा २०२१मध्ये जाहीर केला आहे! त्यासाठी किमान ७० टक्के कुत्र्यांना लस टोचावी लागते. ज्या दारावरून माणूस रात्री आजारी कुत्रं घेऊन हात हलवत परत गेला, त्याच दारात तो लसीकरणाच्या दिवशी रांग लावेल, ही अपेक्षा मला तरी भाबडी वाटते.

‘इथे माणसालाच रात्री डॉक्टर मिळायची मारामार, तुम्ही कुत्र्याचं काय घेऊन बसलात?’ हा आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. म्हणूनच माणसांच्या इस्पितळातली एकही कुपी मी मागत नाही. पशुसंवर्धन खात्यानं स्वतःचा छोटा साठा सिल्वासा किंवा खानवेल, कुठेही एका ठिकाणी ठेवावा. तो गायीला, शेळीलाही लागतो. गोठ्यातही साप निघतातच. रात्रपाळीला एक डॉक्टर आळीपाळीनं फोनवर असावा, दवाखान्यात बसून राहायची गरज नाही. रात्रीची वेगळी फी ठेवावी. देणारे देतील, ज्यांना झेपत नाही त्यांना माफ करावी.

तोवर लोक करतात ते करतात. कुणी भगताकडे नेतो, कुणी पाय दोरीनं आवळतो, कुणी तोंडात तूप ओततो. शिकलेल्या घरांत घरातलीच पॅरासिटामॉल नाहीतर ब्रुफेनची गोळी दिली जाते, ती तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. खरं तर कुत्र्याला चालवू नये, उचलून न्यावं, काही बांधू नये, काही पाजू नये. पण न्यायचं कुठे, हे माहीत नसलेल्या माणसाला असल्या सूचना देऊन तरी काय उपयोग?

एका अंगाला वलसाड, दुसऱ्या अंगाला पालघर अशा बेचक्यात आम्ही राहतो. २०२० पासून आमचा कारभार दमणशी जोडला गेला आहे. कुत्र्याला घेऊन धावणारा माणूस हद्द बघत नाही. तेव्हा वापी, तलासरी, सिल्वासा या तिन्ही बाजूंचे रात्री फोन उचलणारे डॉक्टर, सरकारी असोत की खासगी, त्यांच्या संमतीनं एका फलकावर यावेत आणि तो फलक प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्याच्या व ग्रामपंचायतीच्या दारावर पावसाळ्याआधी लागावा. पत्र्याचा आणि रंगाचा खर्च जड जात असेल तर तो आम्ही गावकरी वर्गणी काढून देऊ. नंबर मात्र प्रशासनानंच मिळवून द्यायला हवेत.

आपला,
एक वाचक, खेरडी (सिल्वासा)