शीर्षक आणि प्रभावशोध

शीर्षकावरून प्रभाव निश्चित करण्याची प्रवृत्ती तौलनिक अभ्यासात वारंवार आढळते. क्लोद दब्यूसीच्या (१८६२–१९१८) एका पियानोरचनेच्या संदर्भात ती तपासून पाहण्याजोगी आहे. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रेल्यूद'च्या दुसऱ्या खंडातील ही सातवी रचना. 'चांदण्यातील दरबाराची गच्ची' असा तिच्या शीर्षकाचा आशय. हे शब्द भारताविषयीच्या फ्रेंच गद्यातून आले, असे मानले जाते. साहजिकच अभ्यासक तिच्यात भारतीय संगीताचा माग काढू लागतो. प्रत्यक्षात आरंभीच जाणवते ती चांदण्यावरील एका जुन्या फ्रेंच गीताची पुसट खूण! शिवाय या संग्रहात शीर्षके रचनेच्या अखेरीस, कंसात, टिंबांमागून छापली आहेत. आधी नाद, नाव मागाहून, अशी ती योजना दिसते. 'दृक्प्रत्ययवादी' हे बिरुदही दब्यूसीला रुचत नसे.

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईच्या दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी नेमकी याउलट आहे. कापडावर 'पंचीकरण' मांडताना त्यांनी शब्द आणि आकृती एकत्र गुंफल्या. तेथे शब्द हा चित्राचाच अवयव ठरतो. या दोन्ही कृतींना 'कलांचा अन्योन्यसंबंध' या एकाच सदरात टाकणे सोयीचे असले, तरी त्यातून हाती काहीच लागत नाही. कृतीत शब्दाचे स्थान कोणते, हे प्रबंधकाराने प्रथम ठरवावे. 'प्रभाव' ही संज्ञा त्यानंतर वापरावी. महाविद्यालयात पियानो नाही, ही सबब पुरेशी नव्हे. ध्वनिमुद्रणे मिळतात, पासोडी तर अंबाजोगाईचीच आहे.