आगोट झाली, पण चार्जिंगचं काय?

मे महिन्यात मुरुडच्या बाजारात एक फेरी मारा. सुकट, सोडे, सुके बोंबील, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा, आमसुलं, मिरची, मीठ, ताडपत्री. पाऊस लागायच्या आत घर भरून ठेवायची ही जी लगबग असते, तिला रायगडच्या किनाऱ्यावर ‘आगोट’ म्हणतात. तुम्ही कोळीवाड्यातले असाल किंवा एखाद्या वाडीतले, तर हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. मुंबई-पुण्याच्या हॉस्टेलवर राहत असाल, तर निदान आईचा फोन आठवेल, ‘येताना मसाल्याचा डबा घेऊन जा.’

आगोटीमागचा हिशोब साधा आणि पक्का होता. १ जूनपासून मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, वाटा चिखलाच्या, बाजार लांब. म्हणजे चार महिने काय खायचं आणि चूल कशावर पेटवायची, एवढे दोनच प्रश्न. त्यांची उत्तरं फडताळात आणि पडवीत रचलेली असायची. या यादीत वीज कुठेच नव्हती, कारण घरात वीजच नव्हती.

आता ३ जून २०२० आठवा. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा शाळेत असतील. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा, पलीकडे मंडणगड, दापोली या पट्ट्यात नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे आणि कौलं उडाली, झाडं तारांवर पडली आणि तारांबरोबर खांब गेले. महावितरणला बाहेरच्या जिल्ह्यांतून माणसं आणावी लागली. तरी काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले.

धान्य वाऱ्या-पावसातून वाचलेल्या घरांतही त्या दिवसांत खायला होतं. आगोट भरलेली होती. अडलं दुसरंच. वीज नाही म्हणून नळपाण्याचा पंप बंद. विहिरीत पाणी आहे, पण रहाट कधीच निघाला आणि वर बसवलीय मोटर. मोबाइल टॉवरची बॅटरी काही तासांत संपते, मग जनरेटरला डिझेल लागतं आणि डिझेल पोहोचवायला रस्ता मोकळा लागतो. रेंज गेली की एटीएम, ऑनलाइन पेमेंट, नुकसानीचे फोटो पाठवणं, मुंबईतल्या मुलाला ‘आम्ही ठीक आहोत’ एवढं सांगणं, सगळंच थांबतं. मसाला वाटायला मिक्सर, दळणाला गिरण, पिण्याच्या पाण्याला फिल्टर. एकेक वस्तू मोजायला घेतली तर कळतं की आपण घरात आणलेली जवळपास प्रत्येक सोय एकाच तारेला लटकलेली आहे.

आजी-आजोबांच्या काळात या अंधारावर उपाय होता : रॉकेल. कंदील, चिमणी, बत्ती. आता गॅस आला, बरं झालं, चुलीच्या धुरातून बायकांची सुटका झाली. पण त्याच ओघात रेशनचं रॉकेल आटलं आणि कंदील हॉटेलांच्या सजावटीत जाऊन बसला. गॅसचं बुकिंग आणि डिलिव्हरीचा कोड मोबाइलवर, रेशन दुकानातला अंगठा मशीनवर. (मशीनला रेंज नसली की काय होतं, हे गावातल्या कुणालाही विचारा.) म्हणजे जुनी व्यवस्था गेली आणि नवी आली ती वीज असेल तरच चालणारी.

‘आमच्याकडे इन्व्हर्टर आहे’ असं कुणी म्हणेल. हिशोब करून बघू. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर. दोन साधे पंखे, तीन दिवे आणि राउटर धरला तर साधारण १८० वॅट. काही वीज वाटेत वाया जाते, बॅटरी पूर्ण रिकामी करता येत नाही, म्हणजे हातात येतात सात-आठ तास. इन्व्हर्टर बनलाय लोडशेडिंगसाठी, पंधरा दिवसांच्या अंधारासाठी नाही. उलट पंखे बंद ठेवून फक्त नऊ वॅटचा एक दिवा लावला आणि फोन चार्ज केले, तर तीच बॅटरी रोज संध्याकाळचे चार-पाच तास धरून आठवडाभराहून जास्त पुरते. पॉवर बँकेचंही तसंच. डब्यावर दहा हजार एमएएच लिहिलेलं असलं तरी पाच हजारांचा फोन त्यात जेमतेम दीडदा भरतो. रील्स बघितल्या तर एक दिवस, फोन बंद ठेवून सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं चालू केला तर आठ-दहा दिवस. विकत काय घेतलं यापेक्षा किती जपून वापरलं, हेच जास्त मोजलं जातं.

साठा कधी करायचा, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. निसर्गचं कमी दाबाचं क्षेत्र ३१ मेला तयार झालं, २ जूनला दुपारी ते चक्रीवादळ झालं आणि दुसऱ्या दुपारी किनाऱ्यावर होतं. चोवीस तास. त्यात लॉकडाऊन, राज्यात ‘मिशन बिगिन अगेन’चा पहिला टप्पा नेमका ३ जूनलाच सुरू होत होता. ज्यांचं तळहातावर पोट, त्यांच्या हातात दोन महिने मजुरी नव्हती. अशा वेळी दुकानात मेणबत्त्यांची एकच पेटी असेल, तर ती कुणाच्या पिशवीत जाणार हे सांगायला नको. आगोटीचं शहाणपण इथेच आहे : ती एप्रिल-मेमध्ये थोडी थोडी भरते, त्यामुळे बाजारावर एकदम ताण येत नाही आणि शेजाऱ्याच्या वाट्याचंही उरतं. साठेबाजी आणि बेगमी यांत फरक आहे तो एवढाच.

पण तारखांवरही आता विसंबून चालत नाही. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत आला, नेहमीची तारीख ११ जून. त्याआधीच मे महिनाभर पाऊस पडत राहिला आणि वाळत घातलेली मासळी भिजली. म्हणजे विजेची आगोट करायची तर एप्रिलच गाठायला हवा.

त्या यादीत माझ्या मते महागाचं फार काही नाही. डोक्याला लावायचा एक टॉर्च आणि सेल, कारण हात मोकळे राहतात. सेलवरचा रेडिओ, रेंज गेली की बातमीचा तोच एक मार्ग. दहा-वीस-पन्नासच्या नोटा, डब्यात. महत्त्वाचे नंबर कागदावर. आईचा नंबर पाठ असलेले तुमच्यात किती आहेत? विहीर असेल तर दोर, पोहरा आणि कप्पी. आठवडाभराचं पिण्याचं पाणी भरेल इतकी भांडी आणि ते शुद्ध करायला क्लोरीनच्या गोळ्या. रोजची औषधं महिन्याची. फ्रीजचं दार उघडलं नाही तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो, हे घरात सगळ्यांना सांगा. आणि वादळाच्या आदल्या दिवशी सगळं चार्ज करून ठेवा, शेजारच्या आजींचा साधा फोनसुद्धा.

हे फक्त कोकणाचं दुखणं नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज काही तास गेली तर लोकल ठप्प झाल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, तेव्हा तिथल्या लोकांनी दुकानांत शोधलं काय? मेणबत्त्या आणि सेलवरचे रेडिओ. कार्ड चालत नव्हती, रोख असलेल्यांचं भागलं. त्याच्या महिनाभर आधीच युरोपीय संघाने नागरिकांना ७२ तास पुरेल एवढा साठा घरात ठेवायला सांगितलं होतं.

बहात्तर तास हा आकडा नीट बघा. तीन दिवस घराने सांभाळायचे, पुढचं सरकारने, असा त्यात करार आहे. पोर्तो रिकोमध्ये सप्टेंबर २०१७ च्या मारिया चक्रीवादळानंतर सगळीकडे वीज पोहोचायला जवळपास अकरा महिने लागले. तेवढा साठा कुठलंच घर करू शकत नाही. निसर्गनंतरचे कित्येक आठवडेही याच जातीचे. म्हणून ‘तयारीत राहा’ असं कुणी सांगितलं की उलट विचारायला हवं : चौथ्या दिवसापासून तुमची तयारी काय? अलिबाग शहरात चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पातून वीजवाहिन्या जमिनीखालून नेण्याचं काम झालं. किनाऱ्यावरच्या खेड्यांतून मात्र तारा अजून झाडांमधूनच जातात. बागायतदाराला झाड तोडायचं नसतं, वायरमनला फांदी छाटायची असते, आणि हा वाद मे महिन्यात सुटला नाही तर जूनमध्ये वारा सोडवतो.

तुमच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे ग्रामसभा. अठरा पूर्ण असतील तर तिथे बसायचा आणि बोलायचा हक्क आहे. १ मेला ग्रामसभा असते, म्हणजे अगदी आगोटीच्या वेळेला. तिथे तीन साधे प्रश्न विचारता येतात. गावातल्या टॉवरला किती दिवसांचं डिझेल असतं आणि ते कोण आणून देतं? पाणी योजनेचा पंप चालवायला पंचायतीकडे जनरेटर आहे का? आणि शाळेत किंवा समाजमंदिरात सोलरवर चालणारी, सगळ्यांना फुकट अशी चार्जिंगची जागा करता येईल का? याच जागी एक छोटा फ्रीज चालला तर आणखी एक काम होईल. गावात इन्शुलिन घेणारी माणसं असतात. मातीच्या मडक्यात, ओल्या फडक्यात ते काही दिवस थंड राहतं, पण महिनाभर नाही. ती माणसं कोण, किती, कुठल्या आळीत राहतात, याची यादी आशाताईंच्या मदतीने कॉलेजातली चार मुलं एका रविवारी करू शकतात. कागदावर करा, फोनमध्ये नको.