आधी स्वतःच्या डोक्यावर हात



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते. पण यात्रा नसतानाही मनाच्या आजाराने त्रासलेल्या मुलाला, नवऱ्याला किंवा बहिणीला घेऊन आलेली माणसे तिथे दिसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर आजारी माणसावर खिळते. त्याचा हात धरून बसलेल्या आईकडे कोण बघतो?

माझ्या खालाने अकरा वर्षे आपल्या थोरल्या मुलाला असेच सांभाळले. रात्री तो बाहेर निघून जाईल म्हणून ती दाराला खाट लावून पडायची. झोप नावालाच. स्वतःची ब्लडप्रेशरची गोळी संपली, तर म्हणायची, “त्याची औषधं आधी आणू, माझं बघू पुढच्या महिन्यात.” एका पहाटे फजरच्या वजूला उठली आणि मोरीतच कोसळली. लकवा! त्या दिवशी मुलाला कोणती गोळी किती वाजता द्यायची, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. एका रुग्णाचे घर दोन रुग्णांचे झाले. खालाच्या सेवेत खोट नव्हती, पण त्या सेवेला जोडीदार नव्हता.

एका वाचक भगिनीने रेकीविषयी विचारले आहे. जपानमध्ये मिकाओ उसुई यांनी १९२२ मध्ये ही पद्धत शिकवायला सुरुवात केली. हाताच्या स्पर्शातून शक्ती मिळते, हा दावा विज्ञानाने सिद्ध झालेला नाही. म्हणून डॉक्टरांचे औषध सोडून त्यामागे जाऊ नये. मात्र त्यात एक शिस्त आहे: शिकणाऱ्याने दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवण्याआधी रोज स्वतःवर हात ठेवून शांत बसायचे. ही शिस्त मला पटते.

आपल्याला तरी ती कुठे नवी आहे? हजरत अबू दर्दा (रजि.) दिवसा रोजे ठेवत आणि रात्रभर नमाज पढत. घरच्यांकडे लक्ष राहिले नव्हते. हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी त्यांना समजावले की, रबप्रमाणेच तुमच्या जिवाचा आणि घरच्यांचाही तुमच्यावर हक्क आहे. पैगंबर (स.) यांनी सलमान यांचे म्हणणे खरे ठरवले. सहीह बुखारीत हा प्रसंग आहे.

तेव्हा घरात कायमचा आजारी माणूस असेल, तर एवढे करा. त्याच्या गोळ्या आणि वेळा कागदावर लिहून भिंतीला लावा. आठवड्यातून एक दुपार त्याची जबाबदारी भाऊ, दीर किंवा जाऊ, कुणाकडे तरी सोपवा. मागायला लाजू नका. स्वतःची गोळी त्याच्या गोळीसोबतच घ्या, म्हणजे विसरणार नाही. झोप उडाली, क्षुल्लक कारणाने चिडचिड होऊ लागली, रडू आवरेना, तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर बोला. सेवा मोफत आहे, मराठीतही बोलता येते.

आणि पुरुष मंडळी हे वाचत असतील, तर त्यांनाही सांगणे आहे. “ती फार सब्रवाली आहे” असे कौतुक करून मोकळे होऊ नका. एक रात्र दाराजवळची ती खाट तुम्ही सांभाळा.

खाला आता काठी धरून चालते. मुलाच्या गोळ्या तिचा धाकटा देतो. परवा म्हणाली, “आधीच दिल्या असत्या, तर?” मला उत्तर देता आले नाही.