हिरड्याचा नमुना परदेशी लॅबला पाठवताय? आधी परवानगीचं बघा!

घोडेगाव-भीमाशंकर रस्त्यावरच्या तळेघर परिसरात बाळहिरडा म्हणजे आदिवासी कुटुंबांच्या हाती येणारा रोख पैसा. औषधी असल्याने याच हिरड्यावर विद्यापीठांत संशोधनही होतं. समजा, पीएचडीच्या एखाद्या विद्यार्थ्याने त्याचा नमुना परदेशी लॅबला कुरिअर केला. चालेल का? परवानगीशिवाय नाही.

कायदा काय सांगतो?

जैवविविधता कायदा, २००२ नुसार परदेशी संस्थेला इथली वनस्पती संशोधनासाठी हवी असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. संशोधनाचे निष्कर्ष द्यायचे असतील तरी तेच. म्हणजे फक्त पार्सल नव्हे, ई-मेलची अटॅचमेंटही यात येऊ शकते. सरकारी निकषांत बसणाऱ्या संयुक्त प्रकल्पांना आणि शोधनिबंधांना सूट आहे. २०२३ च्या दुरुस्तीने तुरुंगवास गेला. दंड मात्र १ लाख ते ५० लाख रुपये.

नमुन्यात घातक जंतू किंवा विषद्रव्य असेल तर ‘स्कोमेट’ यादीही तपासावी लागते. त्यात नाव असेल, तर डीजीएफटीचा परवाना वेगळा.

एवढी कटकट कशाला?

हळद आठवा. जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआरने जुने लेखी पुरावे दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. हळदीला लेखी आधार होता. तळेघरच्या एखाद्या आजीला ठाऊक असलेल्या झाडपाल्याला तो नसतो. नमुना एकदा बाहेर गेला, की गावाने हक्क कशाच्या जोरावर सांगायचा?

मग करायचं काय?

सगळे फॉर्म विद्यार्थ्याच्या गळ्यात मारून विद्यापीठांनी हात झटकू नयेत. परदेशी करार, नमुने आणि डेटा तपासणारी एकच खिडकी प्रत्येक विद्यापीठात हवी.

दुसरं टोक गावात आहे. कायद्याने ग्रामपंचायत पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितलं आहे. गावच्या वनस्पतींबद्दल निर्णय घेताना प्राधिकरणाने या समितीशी सल्लामसलत करायची असते. पण नोंदवही कपाटात धूळ खात असेल, तर विचारणार कुणाला आणि कशाबद्दल? म्हणून नमुना गोळा करतानाच संशोधकाने समितीला कळवावं आणि नोंद करून घ्यावी. औषध उद्या निघो न निघो, गावाच्या वाट्याचा पुरावा आजच तयार होतो.