कालबाह्य औषधांचा भार कोणावर?

घरातील मुदत संपलेली औषधे टाकावयाची कशी, याचा उपदेश नागरिकाला वारंवार केला जातो. ती घरात साचली कशी, हे मात्र कोणी विचारीत नाही.

पाच गोळ्या हव्या असता दहांची पट्टी गळ्यात मारली जाते. दुकानदाराच्या फळीवर मुदत संपली तर व्यापारी रिवाजानुसार कंपनी माल परत घेते. रुग्णाच्या फळीवर संपली की कंपनीचा संबंधही संपतो. नफा कंपनीचा, कचरा समाजाचा, हेच भांडवली अर्थकारण!

उरलेली प्रतिजैविके मोरीत ओतली जातात. मोरी नाल्याला मिळते आणि नाला धाम नदीला. त्यातून औषधाला दाद न देणारे जंतू बळावतात. त्यांच्यावरील महाग औषध शेतमजुराला कोठून परवडणार?

२०१६ च्या घनकचरा नियमांनी ही औषधे घरगुती घातक कचरा ठरविली आणि संकलनाचे काम स्थानिक संस्थांवर सोपविले. मे २०२५ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेने औषधे परत घेण्याची केंद्रे सुचविली. केरळने त्याच वर्षी कोझिकोड येथे प्रत्यक्ष आरंभ केला. खर्च उत्पादकांवर टाकण्यास मात्र शासन कचरते. बॅटरीच्या उत्पादकांवर २०२२ मध्ये तसे बंधन घातलेच ना?

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील कार्यकर्त्यांनी नगरपरिषदा व शासन यांच्यापुढे मागणी मांडावी: प्रत्येक औषध दुकानात कुलूपबंद पेटी, हव्या तेवढ्याच गोळ्यांची विक्री, आणि वाहतुकीचा व भट्टीचा खर्च कंपन्यांकडून. तोवर प्रतिजैविके मोरीत ओतू नयेत, औषधे अंगणात जाळू नयेत. मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत.

उपदेश पुरे झाला. आता हिशेब हवा.